शेवटची खूण

इस्रायलमधलं नासरेथ ते कफर्णहूम, 65 किलोमीटर, चार दिवस. 'जीजस ट्रेल' म्हणतात या वाटेला. दगडांवर पांढरा-नारिंगी-पांढरा पट्टा रंगवलेला असतो, तो बघत चालायचं. प्रभू येशू नेमका इथूनच चालला असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही, पण दोन्ही गावं त्याची. मला तेवढं पुरे होतं.

मी निघालो तो एक प्रश्न घेऊन. वडिलांच्या माघारी जमिनीवरून दादाशी बिनसलं होतं. कोर्टात जाऊ की सोडून देऊ? सहा महिने प्रार्थना केली, उत्तर नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय, ज्ञान उणं असेल त्याने देवाजवळ मागावं, तो सढळ हाताने देतो. मग मलाच का नाही? थोडा रागही होता.

पहिले दोन दिवस ऊन आणि टाचेचा फोड, बस. तिसऱ्या दिवशी हत्तीनच्या टेकडीवरून उतरताना वाट चुकली. (1187 साली धर्मयुद्धावर आलेल्या क्रूसेडरांचं सैन्य इथेच पाण्यावाचून हरलं, आमच्याकडे निदान पाणी होतं.) गुडघाभर वाळलेलं गवत, तीन पायवाटा, तिन्ही खऱ्या वाटणाऱ्या. मी अंदाजाने एक धरली. बऱ्याच वेळाने सोबतचे काका म्हणाले, "पुढे शोधत बसू नकोस. शेवटची खूण दिसली होती तिथवर मागे चल." चरफडत मागे आलो. ज्या दगडावर बसून मी पाणी प्यायलो होतो, पट्टा त्याच्यावरच होता. तिथून डावीकडे पाहिलं तर पुढचा दिसत होता.

त्या रात्री लूकचा 12 वा अध्याय वाचला. एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू साफ नाही म्हणतो आणि लोभाबद्दल बोलायला लागतो. माझा प्रश्न त्याने आधीच एकदा परत पाठवला होता तर! झोंबलं.

चौथ्या दिवशी अर्बेलचा कडा. कातळात लोखंडी कड्या आणि तारा ठोकल्यात. तोंड कातळाकडे, पायाखालचं काही दिसत नाही. खालून काका सांगत होते, "डावा पाय अजून खाली. आहे, टेक." तेवढंच ऐकत उतरलो.

दुपारी डोंगरावरच्या प्रवचनाच्या जागी, 1938 सालच्या अष्टकोनी चर्चबाहेर मत्तयचा 5 वा अध्याय उघडला. वेदीपाशी अर्पण नेताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. लहानपणापासून पाठ. किती वेळा यावर बसून पाणी प्यायलो असेन! माझ्या मनात दादाविरुद्ध काय काय आहे, याची यादी तयारच होती. वचन विचारतं ते उलट.

कफर्णहूमला यहुदी सभास्थानाचे पांढरे खांब आहेत, खाली काळ्या पाषाणाचा पाया. बाकीचे फोटो काढत होते. मी सावली धरून फोन लावला. कोर्टाचं अजूनही ठरलं नव्हतं.

"दादा, माझं काय चुकलं ते सांग."

तो बराच वेळ बोलला.