आमची वाटचाल : एका फालतू भोकाची गोष्ट

भोसरीच्या गाळ्यात २०१४ साली आम्ही दोघं भागीदार कंट्रोल पॅनेलच्या पेट्यांचं जॉबवर्क करायचो. लेझर कटिंग, बेंडिंग बाहेरून. ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणं), जोडणी आमच्याकडे. गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून तो दिवस हिशेबाचा. अशाच एका गुरुवारी ठाण्याचे एक साउंड इंजिनिअर आले. आज आम्ही त्यांना काका म्हणतो. हातात खुंट्या-जॅक असलेली अरुंद ॲल्युमिनियमची पट्टी. "याला घर पाहिजे," एवढंच म्हणाले.

ते युरोरॅकचं मॉड्यूल, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा एक सुटा भाग; असे भाग एका पेटीत शेजारी-शेजारी बसवतात. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचा हिशेब ५.०८ मिलिमीटरच्या खणांत; जर्मनीच्या डीटर डोप्फर यांच्यामुळे १९९०च्या दशकापासून रूढ झालेली मापं. मी म्हटलं, सरळ पाच धरू. काकांनी माझाच व्हर्नियर उचलला, मालाच्या चलनाच्या (चलानाच्या) पाठीमागे ८४ खण मांडले आणि दाखवलं : पॉइंट शून्य आठची चूक शेवटच्या खणापर्यंत पावणेसात मिलिमीटर होते. पहिली पेटी त्यांनी पूर्ण ॲडव्हान्स देऊन घेतली. तीनदा परत आणली, पण पैसे कधी मागितले नाहीत.

तयार पेटी कुरिअरने पाठवली की कोपरे चेपून पोचायचे. म्हणून सुट्या भागांचं किट केलं : दोन बाजू, मॉड्यूल स्क्रूने बसवायच्या दोन रेल, तळ, पाठ, झाकण, पॉवर सप्लाय, बसबोर्ड (मॉड्यूलना वीज वाटणारी पाटी) आणि एम३ स्क्रूची पुडी. गिऱ्हाइकाने घरी जोडायचं. रेलमध्ये सरकते नट की टॅप मारलेली पट्टी, यावर आम्हा भागीदारांत महिनाभर अबोला होता. पट्टीच बरोबर होती. टॅप हाताने मारा, अर्धा आटा पुढे, पाव मागे, आणि तेलात कंजुषी नको. आजची पोरं ड्रिल मशीनला टॅप लावतात आणि तुटला की स्टीलला शिव्या देतात.

मग २०१७. मुंबईच्या एका व्यापाऱ्याची साठ किटची ऑर्डर. १.२ मिलिमीटरचा पत्रा, मॅट काळं पावडर कोटिंग, इतकं देखणं की मी घरी फोटो पाठवले. अडतीस किट गेले आणि फोन सुरू झाले. झाकणाला बोट लावलं की स्पीकरमध्ये घरघर, बोटाला झिणझिण्या. दोन रात्री ट्रान्सफॉर्मर बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी काका आले. मल्टिमीटरची एक सुई अर्थच्या पिनेवर, दुसरी झाकणाच्या आतल्या स्क्रूवर. बीप नाही. तळाला नाही, पाठीलाही नाही. कोटिंग आतूनही झालं होतं, जोडांवर आणि अर्थच्या जागेवरसुद्धा. पावडर म्हणजे प्लॅस्टिकच. वीज जाणार कुठून? पेटीचा एकही पत्रा अर्थला लागलेला नव्हता. चलनावर 'मास्किंग', म्हणजे कोटिंग नको तिथे झाकून घ्या, हा शब्द लिहायचा राहिला होता. माझ्याकडून.

अडतीसच्या अडतीस परत मागवले, जायचा-यायचा खर्च आमचा. साठही पेट्यांचे जोड कानस आणि पॉलिश पेपरने खरवडले, दातेरी वॉशर घातले. पाठीच्या पत्र्यावर साडेचार मिलिमीटरचं एक फालतू भोक होतं, रद्द केलेल्या एका स्विचचं. त्यातच एम४चा अर्थ-बोल्ट बसवला. भागीदार त्याच आठवड्यात वेगळा झाला आणि बेंच ड्रिल घेऊन गेला. ड्रिल माझ्या पैशांचं होतं, पण असो.

या धामधुमीत एक गृहस्थ आले होते. दुरुस्ती होण्याआधीचे दोन किट रोख घेतले, चहा प्यायले, पत्र्याचा गेज (जाडी) विचारला, टॅप कुठला विचारला. मी मोठ्या उत्साहाने सांगत बसलो. (ड्रॉइंग गिऱ्हाइकाला दाखवू नका, चहा खुशाल पाजा.) चार महिन्यांत त्यांची पेटी बाजारात. आमच्यापेक्षा सहाशेने स्वस्त, पत्रा एक मिलिमीटरचा, आणि पाठीवर तेच साडेचारचं भोक! त्यात काळं रबरी बूच. ते भोक कशासाठी, हे त्यांना आजही माहीत नसावं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदारानेही त्यांचाच माल मांडला. अजून मांडतो.

२०१९पासून ठीक चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. काका प्रत्येक नवीन नमुन्याची पहिली पेटी घेतात, पूर्ण ॲडव्हान्स देऊन. तुम्ही जोडत असाल तर एवढं करा : आधी मॉड्यूल न लावता चालू करा, अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट मोजा, बंद करा, मगच मॉड्यूलची रिबन (वीज देणारी चपटी केबल) लावा, तिची लाल कड उणे बाराकडे. उलटी लावून मॉड्यूल जळलं की लोक पेटीला नावं ठेवतात.

गेल्या महिन्यात एक मुलगा घरघरणारी पेटी घेऊन आला. बूच बघूनच ओळखली. बूच काढलं, कोटिंग खरवडलं, बोल्ट टाकला, झाकणापर्यंत वायर ओढली. बीप. बिल दीडशे रुपये केलं. त्यानं घासाघीस करून शंभर दिले.