जुनी पिकअप: आधी पत्रा, मग रंग

आज अंबडच्या गॅरेजमध्ये जुनी टाटा २०७ पाहिली. वरून चकचकीत, पण कॅबिनचं रबर मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पापडासारखा.

गाडी बघताना चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे खड्डे-गंज बुजवायची पुट्टी जाड. दाराची खालची कड, समोरच्या काचेच्या रबराखालचा भाग, कॅबिनचे मागचे कोपरे आणि चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर बसतात ती जागा, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाच. दाराखालची पाणी निघायची भोकं मातीने बुजली की दार आतून सडतं. मासळी वाहिलेली गाडी तर शक्यतो नकोच. मिठाचं पाणी जोडांत शिरतं आणि वरून काही दिसत नाही.

गंज घासून नुसता प्राइमर मारू नका. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा, उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर द्या. पावसाळ्यात रंगकाम टाळलेलं बरं, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

रंग निवडताना छोट्या कार्डावर विसंबू नका. हातभर पत्र्यावर मारून सकाळी आणि दुपारी उन्हात बघा. काळा किंवा गडद निळा पत्र्याची प्रत्येक लाट दाखवतो. क्रीम, फिकट निळा सांभाळून घेतात. जुन्या जीपचा ऑलिव्ह हिरवा कितीही आवडला तरी तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. आणि रंग बदलला तर आरसी बुकात आरटीओकडून नोंद करून घ्या.