जिंकलेल्या सामन्यातला शून्य

ओहायोतल्या बर्फाची सवय झाली, ऑफिसातल्या फँटसी फुटबॉलची मात्र यंदा पहिलीच खेप. हे फुटबॉल लंबगोल चेंडूचं, अमेरिकेतलं. ड्रीम इलेव्हनवर टीम लावतो तसंच साधारण, खऱ्या सामन्यांतल्या खेळावर गुण, पण इथे ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधी खेळाडू वाटून घेताना, एखादा खेळाडू कुणी उचलला की तो सोडेपर्यंत त्याचाच. बाकीच्यांनी बघत बसायचं.

आमच्या लीगमध्ये बारा जण. दर आठवड्याला एकाशी गाठ, ज्याच्या खेळाडूंचे गुण जास्त तो जिंकला. असे १४ आठवडे झाले की वरचे ६ जण प्लेऑफला. पहिल्या दोघांना एक फेरी माफ. १७व्या आठवड्यात फायनल. एनएफएलचा, म्हणजे इथल्या खऱ्या व्यावसायिक लीगचा हंगाम १८ आठवड्यांचा असतो, पण शेवटच्या आठवड्यात जागा पक्की झालेले संघ हुकमी खेळाडू बसवून ठेवतात, म्हणून बहुतेक लीग तो टाळतात.

डिसेंबरात पाच जागा भरल्या आणि सहाव्या जागेवर घोडं अडलं. तिघं जण, तिघांचेही ७ विजय, ७ पराभव. त्यातल्या शेजारच्या डेस्कवाल्याला मी ऑक्टोबरात हरवलेलं, त्यामुळे मी खुशीत. पण त्याने तिसऱ्याला हरवलेलं आणि तिसऱ्याने मला! आता काय करणार? शिवाय प्रतिस्पर्धी ११ आणि आठवडे १४, म्हणजे तिघांशी दोनदा गाठ पडते, बाकीच्यांशी एकदाच. आपसातल्या सामन्यांचा हिशेब सगळ्यांना सारखा लागतच नाही. खऱ्या एनएफएलमध्ये तो आधी बघतात, पण तिथे पुढे नियमांची शेपटी इतकी लांब आहे की शेवटच्या टोकाला नाणेफेक आहे.

आमच्या कमिशनरने (लीग चालवणाऱ्याला असंच म्हणतात, थाट बघा) ऑगस्टमध्येच सेटिंग लावून ठेवलं होतं: बरोबरी झाली तर हंगामभराचे एकूण गुण. आयपीएलच्या नेट रन रेटसारखा भागाकार नाही, सरळ बेरीज. मला विचाराल तर हेच बरं. समोरच्याने किती करावेत ते माझ्या हातात नसतं. एकदा १४१ करूनही मी हरलो होतो. निदान ते १४१ इथे कामी येतात.

कामी आले, पण पुरले नाहीत. शेजाऱ्याचे १५१२.६, माझे १५०९.२. फरक ३.४ गुणांचा. खेळाडू चेंडू घेऊन १० यार्ड पळाला की १ गुण, म्हणजे अख्ख्या हंगामात कुणीतरी ३५ यार्ड जास्त पळायला हवं होतं.

मग जुने आठवडे उघडून बसलो आणि सातव्यापाशी थांबलो. प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा सुट्टी असते, त्याला बाय म्हणतात. त्या रविवारी माझ्या किकरच्या (चेंडू पायाने मारून गुण मिळवणारा खेळाडू) संघाची बाय होती आणि मी दिवाळीच्या फराळात. किकरच्या नावापुढे शून्य. तरी मी २० गुणांनी जिंकलो, म्हणून सोमवारी सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. किकर सहज सात-आठ गुण देतो हो! दुसरा कुणीही लावला असता तरी भागलं असतं.

नोव्हेंबरात त्या किकरला वैतागून सोडून दिलं. शेजाऱ्याने उचलला. प्लेऑफच्या पहिल्याच रविवारी त्या किकरने पन्नास यार्डांपलीकडून फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू पायाने मारून खांबांमधून पार केला. ५ गुण. सोमवारी शेजाऱ्याने माझ्या डेस्कवर डोनट आणून ठेवला. खाल्ला मी.