टेकडी, गवत आणि नाक

रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एक काकू भेटल्या. बाकावर बसून रुमालाने डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाल्या, "अगं, सर्दीच जात नाही. नाकात थेंब घालतेय, आठ दिवस झाले." ते ऐकून माझ्या पोटात धस्स झालं, कारण सहा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं.

पाऊस ओसरला की आपल्या टेकड्यांवर गवत फुलतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मी पळून घरी आले की काळ्या ट्रॅकपँटवर गुडघ्यापासून खाली पिवळट भुकटी बसलेली असायची. बोट फिरवलं तर पिठीसारखी मऊ. ते परागकण आहेत हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर नुसते काढे पीत होते. शिंकांपेक्षा टाळूची खाज जास्त छळायची. सर्दीला अशी खाज सुटत नाही, ही परागकणांची अ‍ॅलर्जी आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सहा वर्षांपूर्वी नाक चोंदलं म्हणून मेडिकलमधून नाक मोकळं करणारे (डिकंजेस्टंट) थेंब आणले. पाच मिनिटांत नाक मोकळं! मग रोज रात्री, मग दिवसातून तीनदा. बाराव्या दिवशी थेंबांशिवाय श्वासच घेता येईना. ईएनटी डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, हे तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे यानेच नाक आतून सुजतं." डिसेंबरातल्या मॅरेथॉनसाठी मी तयारी करत होते, ती तिथेच थांबली. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी मग स्टेरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे दिला. तो त्याच दिवशी गुण देत नाही, म्हणून मी ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीची आवराआवर चालू असते तेव्हाच सुरू करते. मारायची पद्धतही त्यांनी दाखवली. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न धरता कानाच्या दिशेने. जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात उतरतं. वर्षभर मी तो चुकीचाच मारला असता. अ‍ॅलर्जीच्या गोळीचं म्हणाल तर, सेट्रिझिनने मला झापड येते, म्हणून ती रात्री. फेक्सोफेनाडिन घेत असाल तर पाण्याबरोबर घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर नको, ती नीट शोषली जात नाही.

गाजर गवताचं वेगळंच. भारतात त्याची पहिली नोंद आपल्या पुण्यातलीच, १९५५ सालची. पानं गाजरासारखी आणि साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. दिसायला नाजूक, पण त्याच्या परागांनीही नाक धरतं आणि नुसत्या हातांनी उपटलं तर कातडी फुटते. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ते कमरेएवढं वाढतं. आम्ही चार-पाच जणी जुलैत, फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटतो.

कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी मी टेकडीची पायवाट सोडून डांबरी रस्त्याने पळते. चांगली सर पडून गेली असेल तर मात्र टेकडीच. गॉगल घालते, नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलीन लावते, घरी आल्या आल्या केसांवरून आंघोळ करते. पळायचे कपडे थेट बादलीत.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, पण मला खरी काळजी वाटली ती त्यांच्या पुढच्या वाक्याने. "चढताना छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं," म्हणाल्या. तो नाकाचा विषय नाही, फुफ्फुसाची तपासणी करून घ्यायला हवी, हे मी त्यांना हात धरून सांगितलं. बुधवारी त्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. तोपर्यंत टेकडी चढायची नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.