वखारीतलं सोयाबीन

'वखार' म्हटलं की माझ्या नाकात आधी लाकडाच्या भुशाचा वास येतो. आमच्या गल्लीच्या टोकाला वखार होती, बंबाचं जळण तिथूनच यायचं. पुढे शाळेत राजापूरची इंग्रजांची वखार भेटली, महाराजांनी 1661 साली लुटलेली. जळणासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, हा माझा तेव्हाचा प्रामाणिक प्रश्न.

तिसरी वखार दाखवली मावसभावाने, लातूरकडे. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी होते आणि झाडून सगळे एकदमच मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उतरतात. भाव पडणारच. पण मळणीयंत्रवाला दारात उभा, खतवाल्याची उधारी, रब्बीचं बियाणं आणायचंय. थांबणार कोण?

यंदा दादा थांबला. 60 कट्टे, म्हणजे अर्ध्या क्विंटलची पोती, त्याने बाजार समितीच्या गोदामात टाकले. तिथल्या माणसाने कट्ट्यात टोकदार नळी खुपसली, तळहातावर दाणे ओतून घेतले, यंत्रात ओलावा बघितला. मग हमालांनी थप्पी लावली; खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे ओल चढत नाही. दादाच्या हातात आली एक पावती.

गंमत त्या पावतीत आहे. माल न विकता तिच्यावर पैसे मिळतात. पणन मंडळाची ही शेतमाल तारण योजना 1990-91 पासूनची: किमतीच्या 75 टक्के रक्कम, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. दादाने कट्ट्यावरच खडूने हिशेब मांडला. 30 क्विंटल, भाव 4000 धरला तर 1,20,000चा माल. त्यावर 90,000 हातात. सहा महिन्यांचं व्याज 2,700, म्हणजे क्विंटलमागे 90 रुपये. हमाली वेगळी. भाव तेवढाही चढला नाही तर फजिती, आणि तसं झालेलं त्याने पाहिलंय. तरी यंदा कुणी घाईला आणलं नाही, याचंच त्याला अप्रूप. मलाही वाटलं, गोदामवाले जागा भाड्याने देतात म्हणे. दादाने तर सहा महिनेच भाड्याने घेतले होते.

मावशीला यातलं काही पटलं नाही. तिच्या माहेरी धान्य पेवात नाहीतर बळदात, डोळ्यांसमोर.

"एवढ्याशा कागदात साठ कट्टे?" तिने पावती उलटसुलट केली. "आन् उंदरानं कुरतडला तर?"

संध्याकाळी पावती शोधली तर ती तांदळाच्या डब्यात सापडली. वर कडुलिंबाचा पाला.