सर, पोरांना उलट बोलायला शिकवता का?

पालकसभेला हा प्रश्न हमखास येतो. शब्द बदलतात, सूर तोच. मागच्या सभेत एक वडील ताडकन उभे राहिले. "सर, परवा आमच्या म्हाताऱ्यानं मोबाइलवरचं कायतरी वाचून दाखवलं, हळद नि लिंबानं शुगर जाते असलं. आमचं पोरगं म्हणतंय, 'आजोबा, हे तुम्हाला पाठवलं कुणी?' पाव्हणे बसलेले समोर. म्हातारा दोन दिवस बोलला नाही त्याच्याशी. हे तुम्ही शिकवता का?" सभेत हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत. जाताना गेटपाशी थांबून पुन्हा म्हणाले, "मराठीचे मास्तर तुम्ही. हे खूळ कुठनं आणलं?"

तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. पण विचारलंत म्हणून आता नीट सांगतो. होय, मीच शिकवतो. आणि मला ते नववीतल्या एका मुलीनं शिकवलं. मी तिला गप्प बसवल्यानंतर.

२०१९ सालचा मराठी भाषा गौरव दिन. परिपाठाला कुसुमाग्रजांची कविता वाचायची होती. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक आली होती, ती मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. खाली नाव कुसुमाग्रजांचं. मायबोली म्हातारी झालीय, लेकरं परगावी गेलीत आणि वर्षातून एकदा तिचं स्टेटस ठेवतात, असा काहीसा भाव. शेवटच्या कडव्याला आवाज थोडा खाली आणला. तो नेमका कुठं आणायचा हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळतंच. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. टाळ्या झाल्या.

शेवटच्या रांगेतून हात वर आला. "सर, कुसुमाग्रज कधी वारले?"

"१० मार्च १९९९," मी ठसक्यात सांगितलं. तारीख पाठच.

"मग त्यांना स्टेटस कसं माहीत?"

मला त्या क्षणी घाम फुटायला हवा होता. फुटला नाही. मास्तरकीत एक कातडी तयार होते. मी म्हणालो, "जे न देखे रवी, ते देखे कवी! बस खाली." पोरं खो खो हसली. तिला हसली. ती बसली.

नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना डोक्यात किडा वळवळायला लागला. व्हॉट्सॲप निघालं २००९ साली. कवी जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. आणि कुसुमाग्रजांचे संग्रह आमच्या शाळेच्या ग्रंथालयात होते, कपाटात, कुलपात. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये. आदल्या दिवशी ते कपाट उघडायला मला दोन मिनिटं लागली नसती. 'परवाची कविता कुसुमाग्रजांची नव्हती, मी न बघता वाचली,' एवढं वाक्य परिपाठाला उभं राहून म्हणायला मात्र आठ दिवस लागले.

आता मराठी माणसाला हे नवीन नाही. पु. ल. १२ जून २००० ला गेले, तरी त्यांचं लेखन थांबलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर रोज सकाळी सात वाजता ते काहीतरी नवं लिहितात. व. पुं.चंही तेच. आणि दर पंधरा ऑगस्टला स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगतंच, की युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं. युनेस्को अशी स्पर्धाच घेत नाही, हे सांगणारा माणूस त्या दिवशी देशद्रोही ठरायचा तेवढा बाकी राहतो.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. चुकीची कविता वाचली म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार भरलेला. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई मोबाइलवरून त्या भागात उठलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथं पोचले आणि जमावानं त्यांना मारून टाकलं. त्यातले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. दारात येणारा गोसावी आम्ही लहानपणापासून पाहिलेला. आई सूपभर ज्वारी घालायची. त्या पाच जणांच्या बातम्या मी तेव्हा वाचल्या, हळहळलो आणि पेपर घडी करून ठेवला. त्या मुलीच्या प्रश्नानंतर तो पेपर मला पुन्हा आठवला.

त्या दीड-दोन वर्षांत देशभर अशा अफवा फिरत होत्या आणि त्यांच्यासोबत एक व्हिडिओ सारखा फिरत होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि भरधाव जातात. तिथं व्हिडिओ संपतो. मी तो वर्गात लावला, आवाज बंद करून. विचारलं, हे कुठलं असेल? एक म्हणाला बिहार. दुसरा म्हणाला, नाही, कर्नाटक. तिसऱ्याला ते मुंबईकडचं वाटलं. आपल्या तालुक्यातलं कुणीच म्हणालं नाही. मग मी पूर्ण व्हिडिओ लावला. मोटरसायकल वळते, परत येते, पोराला खाली ठेवते आणि मागचा माणूस एक फलक उलगडतो: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभरच लागतो, अशा अर्थाचा. पालकांनी सावध राहावं म्हणून पाकिस्तानात केलेली ती जाहिरात होती. शेवटचा तुकडा कुणीतरी कापला, बस. एक चित्र खोटं घातलं नाही.

"म्हंजी सर, पोरं वाचावीत म्हणून केल्यालं, आन् त्याच्यावरनंच..." मागच्या बाकावरचा एक जण बोलायला लागला आणि मध्येच थांबला.

त्या दिवसापासून मी 'फोटो खरा का खोटा' असं विचारणं सोडलं. फोटो बहुतेक वेळा खराच असतो. गाव दुसरं असतं, साल दुसरं असतं, नाहीतर शेपूट कापलेलं असतं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढं ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड'ची बाणाची खूण आणली. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरून आलेला मजकूर तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मी हे फार कौतुकानं सांगत होतो. पोरांनी तिथल्या तिथं दाखवलं: मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गायब. स्क्रीनशॉट काढला तरी गायब. यंत्राचं मी त्यांना शिकवायला जाऊ नये हे मला तेव्हाच कळलं.

म्हणून जेव्हा पालक विचारतात, 'खोटं ओळखायचं एखादं ॲप सांगा ना सर,' तेव्हा मी त्यांना सोयरीक आठवायला सांगतो. मुलीला स्थळ आलं तर तुम्ही काय करता? मुलाच्या घरी जाता, पोहे खाता, फरशी बघता, आणि त्यावर मुलगी देता का? नाही. बाहेर पडून गावात चौकशी करता. किराणा दुकानदाराला विचारता, शेजारच्या मळ्यात विचारता, त्यांच्या जुन्या पाहुण्यांना फोन लावता. त्या घरातली माणसं स्वतःबद्दल चांगलंच सांगणार. मोबाइलवरच्या पानाचंही तसंच आहे, पण तिथं मात्र आपण फरशी बघून भुलतो.

ही काही माझी गावठी कल्पना नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग नावाच्या अभ्यासकानं हेच पाहिलं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. १० इतिहासकार, बातम्यांची पडताळणी हाच धंदा असलेले १० जण आणि विद्यापीठातले २५ विद्यार्थी. त्यांना काही संकेतस्थळं दाखवली. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या, नावं जवळपास सारखी. एक १९३०पासूनची मोठी, दुसरी तिच्यातून फुटून निघालेली मूठभरांची. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, आणि त्याची मांडणी, संदर्भ, रुबाब बघून गोंधळले. पडताळणीवाले थोडं वाचून पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघून आले. म्हणजे पोहे न खाता उठले. मला यातलं सगळ्यात जास्त बोचलं ते इतिहासकारांचं. मन लावून वाचा, असं मी जन्मभर सांगत आलो, आणि इथं नेमकं तेच नडलं.

गावातल्या ग्रुपवर गेल्या वर्षी बिबट्या आला. फोटोसकट: डांबरी रस्ता, कडेला बिबट्या, खाली 'कॅनॉलजवळ, आत्ता.' तीन पालक पोरं न्यायला भर दुपारी शाळेत. मी फोटो आठवीच्या वर्गात मोठा करून लावला. पहिली पाच मिनिटं सगळे बिबट्याकडंच बघत होते. मग मी म्हटलं, बिबट्या सोडून बाकीचं बघा. आणि पोरं सुटली. रस्त्याकडेचा मैलाचा दगड पिवळ्या डोक्याचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. आपल्या कॅनॉलला कुठला आलाय? मागं उभ्या गाडीची पाटी एमएच १३ दिसत नाही. झाडं दाट, हिरवीगार. आमच्याकडं बाभूळ आणि डाळिंब. एका मेंढपाळाच्या पोरानं तर सांगितलं, सर, सावली एवढीशी पायाखाली पडलीय, म्हणजे फोटो बाराचा. मेसेज सकाळी आठचा हाय. मोबाइलवर फोटो टाकून शोधायचं ते आम्ही सगळ्यात शेवटी केलं. तो काही वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला निघाला. मेंढपाळाच्या त्या पोराला मराठीत काठावर मार्क पडतात.

माझी एक शिकवण मात्र मलाच मागं घ्यावी लागली. सुरुवातीला मी सांगायचो, शुद्धलेखन चुकलंय, उद्गारचिन्हांची रांग आहे, तर समजा पोस्ट खोटी. मराठीच्या मास्तराला हे सोयीचंच. पण गावात कळकळीनं खरं लिहिणाऱ्याचंही शुद्धलेखन चुकतं. आणि आता एआय आलंय. ते ऱ्हस्वदीर्घ सहसा चुकत नाही आणि न अडखळता बोलतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं 'मंगळवेढ्याचे संत' या प्रकल्पात कान्होपात्रेची माहिती आणली. भाषा अशी की मी क्षणभर सुखावलो. खाली जन्मतारीख होती, महिना, साल, वारासकट. मी विचारलं, "पंधराव्या शतकात हिच्या जन्माची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत झाली होती गं?" ती ओशाळली. मग आम्ही दोघांनी विश्वकोश उघडला, संतचरित्रं काढली. वाराची गोष्ट सोडा, तारीखच कुठं नाही. तिनं तारीख खोडून तिथं लिहिलं: 'जन्मतारीख ज्ञात नाही.' त्या एका ओळीला मी पैकीच्या पैकी दिले.

आता मूळ तक्रारीकडं येतो, उलट बोलण्याच्या.

खोटं ओळखायला पोरं पटकन शिकतात. ते त्यांनी बोलायचं कुणापुढं, हा खरा घोळ आहे. केरळात कन्नूर जिल्ह्यात लसीबद्दलच्या अफवांनी हैराण झाल्यावर २०१८ साली जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत याचे वर्गच घेतले होते. त्याबद्दल वाचताना मला राहून राहून वाटायचं, ही पोरं संध्याकाळी घरी जाऊन काय करत असतील? अफवा पाठवतो तो काका असतो, मामा असतो, शाळेत असेल तर मास्तर असतो. आजीनं विचारलं 'कोण म्हणालं गं?' तर ती चौकशी. नातवानं विचारलं की तो उद्धटपणा. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला उत्तर माहीत होतं, आणि दीडशे पोरांसमोर मी तिला खाली बसवलं.

म्हणून माझ्या वर्गात 'हे खोटं आहे' म्हणायला बंदी आहे. 'कुणी पाठवलं? त्यांना कुणी?' एवढंच विचारायचं. मलाही विचारायचं. फळ्यावर मी काही लिहिलं आणि मागून 'सर, कुठनं आणलं?' असं आलं, तर मला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या तासाला शोधून यायचं. घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर कुणाला दुरुस्त करायचं नाही, शेजारी बसून विचारायचं. हे शेवटचं मी उशिरा सांगायला लागलो. हळदीवाल्या आजोबांना पाहुण्यांसमोर विचारलं गेलं, त्यात पोराचं चुकलं असेल, पण आधी माझं चुकलं. गोळ्या बंद करू नका एवढं मात्र त्यांना कुणीतरी सांगा.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या २७ फेब्रुवारीला मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक कार्ड टाकलं, 'मराठी राजभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा.' सकाळी सातला कुणाचं तरी आलेलं, तसंच पुढं ढकललेलं. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला: "सर, आज गौरव दिन ना? राजभाषा दिन १ मेला असतो. कार्ड कुणी पाठवलं?" पुढं हात जोडलेले.

कार्ड छान होतं हो. कुसुमाग्रजांचा फोटोसुद्धा बरोबर होता.