अंबड-सातपूरचा पाच सेकंदांचा भोवरा

सिंहस्थ २०२७ चा, पण त्यासाठी रस्ते केव्हापासून उकरून ठेवलेत. आमच्यासारख्या छोट्या इंटरनेटवाल्यांना त्यामुळे फायबर कट रोजचाच झालाय. नाशकातली आमची फायबरची रिंग अशी: नाशिकरोड, पंचवटी, गंगापूर रोड, सातपूर, अंबड आणि परत नाशिकरोड. बाहेर जायचा दरवाजा नाशिकरोडला. एकीकडून तुटलं तर उलट्या बाजूने जायचं, एवढ्यासाठीच तर रिंग टाकली.

तरी अंबडच्या एका कारखान्यातून दर कटला फोन यायचा. "साहेब, पाचच सेकंद जातं हो, पण तेवढ्यात आमचं सगळं लॉगिन उडतं."

दोन आठवडे मी ऑप्टिकल बॉक्सच्या नावाने बोटं मोडली. पण प्रकाश गेल्याचा अलार्म तर मिलिसेकंदांत येत होता. मग पाच सेकंद जात होते कुठे?

शेवटी अंबडहून ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठकुठून जातो ते ओळीने दाखवणारी आज्ञा, सतत चालू ठेवला. एका दुपारी अंबड-नाशिकरोड तुटलं आणि स्क्रीनवर आलं: अंबड, सातपूर, अंबड, सातपूर... तिसाव्या ओळीपर्यंत तेच.

अंबडच्या राउटरला (डेटाला वाट दाखवणारी पेटी) लगेच कळलं होतं, त्याने सगळं सातपूरकडे वळवलं. सातपूरच्या डोक्यात मात्र जुनाच नकाशा: नाशिकरोडला जायचंय? अंबडवरून जा. म्हणजे पॅकेट, डेटाचा तुकडा, परत अंबडला. हाच भोवरा. पॅकेटवर टीटीएल, म्हणजे अजून किती राउटर चालतील याचा आकडा असतो. लिनक्सच्या पॅकेटचा ६४, दर राउटरला एकने कमी. तो संपेपर्यंत एकेक पॅकेट त्याच तारेवर साठेक फेऱ्या मारणार. बिचाऱ्या सातपूरच्या गिऱ्हाइकांचं नेट का रखडायचं, तेही तेव्हाच उमगलं.

आणखी एक गंमत लक्षात आली. जोड मारून लिंक परत आली की भोवरा कधीच होत नव्हता. अंबड आधी सुधारलं की सातपूरचं पॅकेट लांबून का होईना, पोचतं. म्हणजे सुस्त कोण, ते ठरलं.

सातपूरचा राउटर उघडला. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांना रस्ते ठरवून देणारा प्रोटोकॉल, तिथे नवा हिशोब करण्याआधी ५ सेकंद थांबत होता. अंबडचा ५० मिलिसेकंद. जुनी सेटिंग कुणी टाकली म्हणून बघितलं, तर मीच! शेजारच्या राउटरांचे टायमर वेगवेगळे असले की असे भोवरे वाढतात, म्हणून तर २०१८ मध्ये आरएफसी ८४०५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने सगळ्यांसाठी एकच पद्धत लिहून दिली. आम्ही ती वाचायला बराच उशीर केला.

रात्री दीडला अंबडची नाशिकरोडकडची पॅचकॉर्ड (राउटरला लावलेली फायबरची छोटी वायर) उपसून चाचणी घेतली. दर १०० मिलिसेकंदाला एक पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारं छोटं पॅकेट. आधी पन्नासेक पिंग गळत होते, टायमर सारखे केल्यावर तीन. ते तीनही मला खुपत होते. मग अंबडवरून थेट गंगापूर रोडपर्यंत बोगदा टाकला, म्हणजे पॅकेटवर गंगापूर रोडच्या पत्त्याचं आणखी एक पाकीट. लिंक गेली की पॅकेट बोगद्यात. सातपूरने फक्त पुढे ढकलायचं, आत बघायचं नाही. गंगापूर रोडला नाशिकरोड पंचवटीवरूनच जवळ, त्यामुळे तिथून ते मागे फिरत नाही. आणि अंबडने आपला रस्त्यांचा तक्ता दोन सेकंद उशिराने बदलायचा, तोवर सातपूर जागं होतं.

पुन्हा पॅचकॉर्ड उपसली. एक पिंग गेला. पुढच्या आठवड्यात तिथेच जेसीबी लागला. मला कळलं ते स्प्लायसिंगवाल्या (तुटलेली फायबर जोडणाऱ्या) काकांच्या फोनवरून.